वाचकांचे प्रश्न : कूलंट महिनाभरही का टिकत नाही?

प्रश्न : आमचे शिरोली औद्योगिक वसाहतीत छोटे मशीन शॉप असून दोन सीएनसी (संगणक-नियंत्रित) लेथ आणि एका व्हीएमसीवर (उभ्या मिलिंग मशीनवर) पंपांच्या बिडाच्या केसिंगचे काम चालते. कूलंटसाठी (धातू कापताना हत्यार थंड ठेवणाऱ्या द्रवासाठी) पाण्यात मिसळायचे कटिंग ऑइल चांगल्या कंपनीचे असूनही तीन-चार आठवड्यांत टाकीला कुजकट वास येतो आणि तयार जॉबवर रात्रीतून गंज चढतो. ऑइलचे प्रमाण वाढवून पाहिले, तर ऑपरेटरांच्या हातांना खाज सुटू लागली. विक्रेते आता महागडे सिंथेटिक (खनिज तेल नसलेले) कूलंट सुचवत आहेत. ते घ्यावे का?
– एक लघुउद्योजक, कोल्हापूर

उत्तर : एवढ्यात घेऊ नये. आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे ऑइल बदलल्याने जातील असे वाटत नाही, कारण टाकीत जे भरलेले असते त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो आणि त्या पाण्याविषयी आपल्या पत्रात एक अक्षरही नाही. आपल्याकडे बोअरचे पाणी वापरले जात असेल, तर चौकशी तेथूनच सुरू करावी.

बोअरच्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम हे ऑइलमधील इमल्सिफायरशी (तेल पाण्यात मिसळून ठेवणाऱ्या घटकाशी) संयोग पावून न विरघळणारा साबण तयार करतात. तो चिकट थर होऊन टाकीच्या भिंतींवर बसतो आणि तेल पाण्यात धरून ठेवणारी शक्ती तेवढी घटते. क्लोराइडमुळे गंज वाढतो, तर सल्फेट हे दुर्गंधी निर्माण करणाऱ्या जिवाणूंचे खाद्य असते. याहून महत्त्वाची बाब अशी की, टाकीतून वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. क्षार मागेच राहतात. समजा, आपली टाकी 200 लिटरची आहे, पाण्याचा कठीणपणा 300 पीपीएम (दहा लाख भागांत 300 भाग) आहे आणि रोज 10 लिटर पाणी उडून जाते म्हणून तेवढेच वरून घातले जाते. वीस दिवसांत 200 लिटर पाणी आत गेलेले असते आणि चिप्सबरोबर बाहेर जाणारा अंश सोडला, तर कठीणपणा 600 पीपीएमच्या घरात पोहोचतो. पहिल्या आठवड्यात उत्तम चालणारे कूलंट महिनाअखेरीस फाटते (त्यातले तेल वेगळे होते), ते यामुळेच.

म्हणून रोजच्या भरतीसाठी आरओचे किंवा डीएम (क्षार काढून टाकणाऱ्या) प्लँटचे पाणी वापरावे. साधा सॉफ्टनर येथे पुरेसा नाही. तो कॅल्शियमच्या जागी सोडियम आणतो, पण क्लोराइड आणि सल्फेट जसेच्या तसे राहतात. पहिल्या भरणीला मात्र निव्वळ आरओचे पाणी घेतल्यास फेस होऊ शकतो, तेव्हा थोडे साधे पाणी मिसळून कठीणपणा 100 पीपीएमच्या आसपास ठेवणे बरे. मिश्रण करताना नेहमी पाण्यात ऑइल घालावे, ऑइलमध्ये पाणी कधीही ओतू नये. अन्यथा इमल्शन उलटे होऊन दाट लोण्यासारखे गोळे तयार होतात. भरतीदेखील नुसत्या पाण्याची न करता दीड-दोन टक्क्यांच्या पातळ मिश्रणाची करावी.

वासाचे दुसरे कारण म्हणजे ट्रॅम्प ऑइल, म्हणजेच स्लाइडवेचे (मशीनच्या सरकमार्गांचे) आणि हायड्रॉलिकचे गळून येणारे तेल. पंप बंद असताना ते पृष्ठभागावर पसरते, खालच्या द्रवाला हवा मिळेनाशी होते आणि ऑक्सिजनवाचून जगणारे जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. साप्ताहिक सुट्टीनंतर पहिल्या पाळीत येणारा सडक्या अंड्यांचा वास तो हाच. जिवाणू वाढले की आम्ले तयार होऊन पीएच घसरतो, आणि पीएच साडेआठच्या खाली गेला की बिडावर गंज धरणारच. पृष्ठभागावरचे हे तेल पट्ट्याने ओढून काढणारा बेल्ट स्किमर फार महाग नसतो. तो बसवावा आणि सुट्टीतही कूलंट अधूनमधून फिरते राहील अशी व्यवस्था करावी. बायोसाइड (जिवाणूनाशक) ओतून वास तात्पुरता दबतो, पण बिडाचा भुगा आणि तेलाचा थर तळाशी तसाच राहिला तर काही दिवसांत सारे पूर्ववत होते. शिवाय बायोसाइडचा अतिरेक त्वचेलाही बाधतो. टाकीतील कूलंट बदलताना जुन्यात सिस्टिम क्लीनर (टाकी व नळ्या साफ करणारे रसायन) घालून ते एक-दोन पाळ्या फिरवावे, मग टाकी उपसून गाळ खरवडून काढावा आणि त्यानंतरच नवे भरावे. उपसलेले कूलंट गटारात सोडू नये; प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संस्थेकडेच ते द्यावे.

आता प्रमाणाविषयी. रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून दाटपणा मोजणाऱ्या उपकरणावर) दिसणारा ब्रिक्सचा आकडा म्हणजे टक्केवारी नव्हे. कंपनीने दिलेल्या गुणकाने त्याला गुणावे लागते. गुणक 1.5 असताना आकडा 4 दिसला, तर प्रमाण 6 टक्के होते. जो ऑपरेटर हाच आकडा टक्केवारी समजतो, तो 6 टक्क्यांसाठी ऑइल ओतत राहतो आणि प्रत्यक्षात 9 टक्के गाठतो. असे दाट, अल्कधर्मी द्रव हातावरचे नैसर्गिक तेल धुऊन काढते, आणि बिडाचा बारीक भुगा त्या त्वचेला खरचटतो. ऑपरेटरांची खाज ही किरकोळ तक्रार मानू नये. तिची उपेक्षा केल्यास त्वचारोग कायमचा जडू शकतो. खाज थांबत नसलेल्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे आणि थिनरने हात धुण्याची सवय शॉपमधून पूर्ण बंद करावी.

गंजाची परीक्षा शॉपमध्येच होऊ शकते. काचेच्या बशीत फिल्टर पेपर ठेवून त्यावर बिडाच्या कोरड्या, स्वच्छ चिप्स पसराव्यात, टाकीतील कूलंटने त्या भिजवाव्यात आणि झाकण ठेवून दोन तासांनी कागद धुऊन पाहावा. तपकिरी ठिपके उमटले, तर संरक्षण अपुरे आहे. 4, 5, 6 आणि 7 टक्क्यांची मिश्रणे करून हीच चाचणी घेतली, म्हणजे आपल्या पाण्यात किती ऑइल खरोखर लागते ते नेमके कळते.

प्रश्न : कूलंट जोरात सोडूनही मिलिंग करताना कार्बाइड इन्सर्टच्या (हत्यारात बसवायच्या कठीण कापणाऱ्या तुकड्याच्या) धारेला उभ्या भेगा पडतात. असे का होते?
– एक ऑपरेटर, चाकण

उत्तर : मिलिंगमध्ये धार क्षणभर कापते आणि क्षणभर मोकळी राहते. कापताना ती प्रचंड तापते, बाहेर येताच कूलंटने एकदम थंड होते, आणि या फेऱ्यांमुळे धारेला काटकोनात भेगा पडतात. अमेरिकन अभियंते एफ. डब्ल्यू. टेलर यांनी 1883 च्या सुमारास हत्यारावर पाण्याचा जोरदार झोत सोडून कापण्याचा वेग 30 ते 40 टक्क्यांनी वाढवून दाखवला होता, पण ते काम सलग टर्निंगचे होते आणि हत्यारे पोलादाची होती. पोलादाच्या रफ मिलिंगला कार्बाइड वापरत असाल, तर कूलंट बंद करून चिप्स हवेच्या झोताने दूर कराव्यात.