ताईंच्या पोटावर पाय कसा देऊ?

सहकाऱ्याचे गैरकाम वरिष्ठांना कळवले तर ती चुगली ठरेल का, हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे अनेक नोकरदार विचारतात. पुण्यातील एका मेडिकल बिलिंग कंपनीत रात्रपाळी करणारी एक कोडर, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी वाचून उपचारांना ठरावीक कोड देणारी कर्मचारी, हाच प्रश्न घेऊन आली होती. तिच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, तो अनुभव येथे लिहीत आहे.

तिच्या कंपनीत अमेरिकेतील डॉक्टरांचे क्लेम, म्हणजे विमा कंपन्यांकडे किंवा सरकारी विमा योजनांकडे करायच्या पैशांच्या मागण्या, तयार होतात. रजेवर गेलेल्या ज्येष्ठ सहकारी महिलेचे काम एके रात्री तिच्याकडे आले, तेव्हा काही क्लेमवर तिला तपासणीच्या कोडला मॉडिफायर 25 ही जादा खूण लावलेली दिसली. एखादी छोटी प्रक्रिया केली त्याच दिवशी डॉक्टरांनी रुग्णाची स्वतंत्र आणि लक्षणीय तपासणीही केली असेल, तरच ती लावता येते. येथे मात्र चार्टमध्ये, म्हणजे रुग्णाच्या उपचारांच्या नोंदीत, केवळ गुडघ्यात दिलेल्या इंजेक्शनची नोंद होती. मॉडिफायर लावला की तपासणीचे वेगळे पैसे मिळतात, क्लेम सहसा अडत नाही आणि टार्गेटही गाठले जाते. त्या जादा रकमेतील काही वाटा रुग्णाच्याही माथी येऊ शकतो.

“पण मॅडम, मला कोडिंग शिकवलं ते ताईंनीच. त्यांच्या एकटीच्या पगारावर घर चाललंय. त्यांच्या पोटावर पाय कसा देऊ?”

असे म्हणत तिने फोन पुढे केला. पडद्याचे फोटो काढले होते, रुग्णांच्या नावांसह. मी फोन पालथा ठेवायला सांगितला. पुरावा म्हणून काढलेले हे फोटो हाच गोपनीयतेचा भंग ठरू शकतो, कारण रुग्णांची अशी माहिती अमेरिकेच्या 1996 च्या हिपा (HIPAA) या आरोग्यविषयक माहिती जपणाऱ्या कायद्याच्या कक्षेत येते. ते कोणालाही पाठवू नयेत आणि काढल्याचे कंपनीला आपणहून सांगावे, असे मी सुचवले.

मी वकील नाही. तरीही गप्प राहिल्याने आपण सुरक्षित राहतो, हा तिचा समज दूर करणे मला आवश्यक वाटले. सरकारी पैशांच्या खोट्या दाव्यांविरुद्ध अमेरिकेत 1863 पासून असलेल्या कायद्यात जाणूनबुजून केलेली डोळेझाकही ‘माहीत असणे’ यातच धरली जाते.

मग आम्ही कागद घेतला. तिचे पहिले वाक्य होते, “ताई फसवणूक करत आहेत.” ते तिनेच खोडले; कारण तिने फसवणूक नव्हे, तर क्लेम पाहिले होते. उरले ते क्लेम क्रमांक, तारखा, चार्टमधील नोंद आणि लावलेला मॉडिफायर. ताईंचा हेतू काय होता, हे ठरवण्याचे ओझे त्या कागदावर नव्हते, आणि ते लक्षात आल्यावर तिचे खांदे जरा सैल झाले. टीम लीडर ताईंच्या जवळच्या असल्यामुळे तिने तो मजकूर थेट कम्प्लायन्स (नियमपालन पाहणाऱ्या) अधिकाऱ्यांना ई-मेलने पाठवला.

तपासणीत काही क्लेम योग्य निघाले, कारण वेगळ्या तपासणीची नोंद चार्टच्या तिने न उघडलेल्या भागात होती. बाकीचे दुरुस्त करून जादा घेतलेली रक्कम परत करण्यात आली. ताईंची नोकरी टिकली, मात्र त्यांना पुन्हा प्रशिक्षण घ्यावे लागले. ती टिकली नसती तर, हा प्रश्न तिने मला नंतर विचारला आणि माझ्याकडे त्याचे सोपे उत्तर नव्हते.

कंपनीच्या कॅबमध्ये ताई आता तिच्या शेजारी बसत नाहीत. आमची सध्याची सत्रे त्याच विषयावर चालू आहेत.