पाळी जाऊन नऊ वर्षं झाली, तरी अंगातून वाफा येतात. हे थांबणार तरी कधी?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ५५, पाळी ४६ व्या वर्षी गेली, आणि अजूनही दिवसातून सात-आठ वेळा अंगातून वाफा निघतात, रात्री गाउन भिजतो. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "वयाचं आहे, चालायचंच."

माझं वय ६१. माझी पाळी पन्नासाव्या वर्षी गेली, म्हणजे अकरा वर्षं झाली. वाफा अजून आहेत, पण आता दिवसाला एखाद-दुसरी. एके काळी नऊ-दहा असायच्या. हा फरक आपोआप पडला नाही. उलट "चालायचंच" ऐकून मी आठ वर्षं गप्प बसले त्याचा मला आजही राग येतो.

मी सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. एकदा चौथीची हजेरी घेत होते, वीज गेलेली. छातीत एकदम ऊब उठली, मानेवरून चढत कानशिलांपर्यंत गेली आणि दरदरून घाम फुटला. हनुवटीवरून थेंब पडला तो नेमका हजेरीपटावर, एका गैरहजर मुलाच्या नावावर. शाई पसरली. पुढच्या बाकावरची पोरगी हळूच म्हणाली, "बाई, रडू नका, तो उद्या येतो म्हणालाय." वर्ग हसला, मीही हसले. पण त्या दिवसापासून हजेरी घ्यायची वेळ झाली की आधीच धडधडायचं, आणि धडधडलं की वाफ हमखास.

आधी तुमच्या "कधी थांबणार" बद्दल. अमेरिकेत 'स्वान' नावाचा एक मोठा अभ्यास बायकांवर वर्षानुवर्षं चालला. २०१५ साली त्यातून निघालं की वारंवार येणाऱ्या वाफा साधारण ७.४ वर्षं टिकतात, म्हणजे निम्म्या बायकांना त्याहूनही जास्त. ज्यांना पाळी चालू असतानाच वाफा सुरू झाल्या होत्या, त्यांच्यात त्या अकरा वर्षांच्या पुढे गेल्या. मी त्यातलीच. तेव्हा नऊ वर्षं झाली म्हणजे आपल्यात काहीतरी बिघडलंय, असं समजू नका. तारीख मात्र कुणी सांगू शकत नाही.

हे होतं कशामुळे, ते कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र असतं. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की ते फार हळवं होतं. एरवी ज्याची दखलही घेतली नसती, तेवढ्या जराशा उष्णतेवर ते उकडतंय म्हणून ओरडा करतं. मग कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, घाम सुटतो, अंगातली उष्णता बाहेर फेकली जाते, आणि पाच मिनिटांनी आपण कुडकुडत पांघरूण शोधतो. हा ताप नव्हे आणि आपल्याकडे म्हणतात तशी अंगात "उष्णता झाली" असंही नव्हे. मी एक उन्हाळाभर सब्जा, वाळ्याचं पाणी, कोकम सरबत, गुलकंद सगळं केलं. घशाला बरं वाटलं, वाफा होत्या तेवढ्याच राहिल्या. नणंदेने शतावरीचं चूर्ण पाठवलं, तेही तीन महिने घेतलं. पहिल्या महिन्यात वाटलं की फरक पडतोय, नंतर नाही. यात माझा भोळेपणा म्हणावा तर औषधांच्या चाचण्यांतही नुसत्या खोट्या गोळीने बऱ्याच बायकांच्या वाफा काही काळ कमी होतात. म्हणून "अमकीला तमक्याने गुण आला" यावर मी आता पैसे घालत नाही.

माझ्या गोष्टीतला महत्त्वाचा भाग पुढे आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्तीच्या सुमारास, वाफा जरा ओसरल्या होत्या. त्याच वर्षी बीपी निघालं, गोळी सुरू झाली. दोन-तीन महिन्यांत वाफा परत वाढल्या, तोंड लालबुंद व्हायचं, संध्याकाळी घोट्यांवर सूज. मी ते सगळं पाळीच्याच खात्यावर टाकलं, कारण सवयच तशी. आठेक महिन्यांनी एका नव्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी पर्स उघडायला लावली आणि गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडली. बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन होती. तिने रक्तवाहिन्या सैल होतात, काहींना चेहऱ्यावर गरम लाट येते, पाय सुजतात. बीपीच्या डॉक्टरांनी ती बदलून दुसरी दिली. तीन आठवड्यांत सूज उतरली आणि दिवसाच्या वाफा निम्म्यावर आल्या. तुम्हीही बीपीवर असाल तर गोळी मनाने बंद करू नका, फक्त विचारा.

बाईंनी थायरॉईडही तपासलं, कारण त्यानेही असंच होतं. रात्रीचा घाम, सोबत बारीक ताप, खोकला आणि वजन उतरतंय, असं असेल तर आपल्या देशात टीबी आधी बघावा लागतो. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी घाम फुटेल तेव्हा साखर मोजावी. आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागभर का होईना, तर त्याच आठवड्यात दाखवायचं.

आता हार्मोनच्या गोळ्या. वाफांवर सर्वांत जोरदार उपाय तोच. २००२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला, स्तनाचा कॅन्सर आणि हृदयविकाराच्या भीतीने, आणि तेव्हापासून बायका आणि डॉक्टर दोघंही या गोळ्यांना बिचकले. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पुढे वयाप्रमाणे आकडे पाहिल्यावर लक्षात आलं की साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. त्यानंतर सुरू केलं तर रक्ताची गुठळी आणि पक्षाघाताचा धोका वाढत जातो. माझी ती वेळ संपत आली होती, त्यात बीपी. बाई म्हणाल्या, "पाच वर्षांपूर्वी आला असतात तर बोललो असतो." तेव्हा मी चूर्ण खात होते.

तुम्ही मात्र ५५ च्या आहात, नऊ वर्षं झालीत. म्हणजे विचारायची वेळ अजून आहे, पण दहा वर्षं व्हायला वर्षच उरलंय, तेव्हा लांबवू नका. स्तनाचा कॅन्सर, पायात गुठळी, पक्षाघात, हृदयविकार किंवा लिव्हरचा आजार झालेला असेल तर हा मार्ग सहसा बंद. गर्भाशय काढलेलं नसेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोनही लागतंच. गोळीपेक्षा कातडीवर लावायच्या जेलने किंवा पट्टीने गुठळीचा धोका कमी राहतो, तेही विचारा.

मला रात्रीच्या वाफांसाठी गॅबापेंटिन दिलं, झोपताना, अगदी कमी मात्रेत. मेडिकलवाला म्हणाला, "काकू, ही तर नसांची गोळी." खरंच आहे, पण ती वाफांवरही चालते. पहिला आठवडा सकाळी गरगरायचं, भिंत धरून बाथरूमला जायचे. मग अंगवळणी पडलं आणि किती वर्षांनी सलग पाच तास झोपले. नैराश्यावरच्या काही गोळ्याही छोट्या मात्रेत वाफांसाठी देतात. तशी चिठ्ठी मिळाली तर "मला वेड लागलंय का" म्हणून फाडू नका. फक्त स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते आधी सांगायचं, कारण यातली पॅरॉक्सेटिन त्याच्या कामात अडथळा आणते. २०२३ पासून फेझोलिनेटंट नावाची बिनहार्मोनची नवी गोळीही अमेरिकेत मिळते, पण तिच्यासोबत लिव्हरच्या रक्ततपासण्या कराव्या लागतात.

घरच्या घरी काय केलं, तेही सांगते. कालनिर्णयच्या चौकोनांत प्रत्येक वाफेला एक टिंब द्यायला लागले. महिनाभरात दिसलं की चारच्या कडक चहानंतर टिंबांची रांग लागते, घाईगर्दीच्या दिवशीही लागते. ठेच्याने मात्र काही होत नव्हतं, आणि मी उगाच वर्षभर आळणी जेवले! चहा कोमट केला. जड ब्लँकेट काढून आईच्या जुन्या लुगड्यांच्या दोन पातळ गोधड्या घेतल्या, एक पायाशी सरकवता येते. पंख्याच्या रेग्युलेटरवरून आमच्याकडे रोज रात्री महाभारत व्हायचं. शेवटी "हे" आतल्या खोलीत झोपायला लागले, मफलर घेऊन. लोक काय म्हणतील ते म्हणोत.

वाफ आली की "सगळे बघताहेत" या विचाराने ती जास्त छळते, हे मला फार उशिरा कळलं. आता मनात म्हणते, चार मिनिटं, जाईल. याने वाफा कमी होत नाहीत, पण त्रास नक्की कमी होतो. अशा विचार बदलायच्या सरावाला समुपदेशनात सीबीटी म्हणतात, आणि वाफांसाठी तो डॉक्टरही सुचवतात.

तेव्हा "चालायचंच" म्हणणाऱ्यांना सोडा आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. महिन्याचं टिंबांचं पान न्या, आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंही, नावं पाठ असली तरी. माझी गाठ त्या पाकिटांतच सुटली.