स्प्लिंट वर्षानुवर्षं चालतो का? आधी तो कुठल्या दातांवर बसतो ते बघा

जबड्याच्या सांध्यासाठी दिलेला स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसवायचं काढता-घालता येणारं कव्हर, तीन वर्षं रोज रात्री घालताय, तसाच चालू ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. पण तो सगळ्या दातांवर बसतो की फक्त पुढच्या, ते लिहिलंच नाहीत, आणि सगळं त्याच्यावरच आहे.

मला दिला होता तो छोटासा, वरच्या पुढच्या चार दातांपुरता. तोंड उघडताना कट्ट आवाज यायचा, कानापुढे ठणकायचं, सकाळी दोन बोटंसुद्धा आत जायची नाहीत. पंधरा दिवसांत ठणका गेला, मी इतकी खूश की दिवसाही घालायला लागले, पुन्हा दाखवायला या असंही कोणी म्हणालं नव्हतं. मी ब्लाउज शिवते, मशीनवर बसले की तोंडात स्प्लिंट. असे चौदा महिने. मग एक दिवस दाताने दोरा तोडायला गेले तर तुटेना, पुढचे दात एकमेकांना टेकतच नव्हते, मधून जिभेचं टोक बाहेर येत होतं. मागच्या दातांना चावायला समोर काही नसलं की ते हळूहळू हिरडीतून वर येतात आणि पुढे फट पडते, हे मला फार उशिरा कळलं.

घरी सांगितलं तर भाऊजी म्हणाले, "वहिनी, डॉक्टरांनी दिलंय ना, मग शंका कसली काढता?" त्यात अजून दोन महिने गेले. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी तो बंद केला, सगळ्या दातांवर बसणारा कडक अॅक्रिलिकचा दिला, फक्त रात्रीसाठी, आणि दर खेपेला रंगीत कागद चावायला लावून जिथे जास्त टेकतंय तिथे तो स्प्लिंट घासून द्यायचे. फट काही भरली नाही, चाळिशीत ब्रेसेस लावल्या. भाऊजी अजून म्हणतात डॉक्टरवर विश्वास हवा. विश्वास होता म्हणूनच तर चौदा महिने घातला ना! प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नाही, हे मी त्यांना दर दिवाळीला सांगते.

तर तुमचं. पूर्ण दातांचा, कडक, फक्त रात्री, आणि सहा महिन्यांनी तपासणी होत असेल तर लोक वर्षानुवर्षं वापरतात. दात खाणं त्याने थांबत नाही, दात झिजायचे वाचतात एवढंच. मऊ रबरासारखा असेल तर तो लवकर फाटतो, काही जण त्यावर उलट जास्तच चावतात. सकाळी काढल्यावर थोडा वेळ दात वेगळे लागतात, ते चालतं, पण दुपारपर्यंत जुळत नसतील तर वाट बघत बसू नका, दाखवायला जा. आणि नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर बहुतेकांना काहीच घालायची गरज नसते. दात झिजवून चावा बदलू या असं कोणी म्हणालं तर आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, झिजवलेला दात परत येत नाही.

मी डॉक्टर नाही, आणि माझा दिवसरात्र होता, तुमचा रात्रीचाच आहे, म्हणून हे वाचून आज लगेच बंदही करू नका. दाखवायला जाल तेव्हा स्प्लिंट डबीत घालून सोबत न्या आणि दात टेकतात का ते त्यांच्यासमोरच बघा.