व्हॅन ग्रूमिंग (व्हॅन घेऊन घरोघरी कुत्र्यांना आंघोळ घालणं, केस कापणं) सुरू करतोयस तर दिवस असा लाव
सुरुवातीला दिवसाला ४ च कुत्रे घे, जास्त नको. एका बाजूच्या अपॉइंटमेंट एकाच दिवशी लाव नाहीतर अर्धा दिवस ड्रायव्हिंगमध्येच जातो, आणि मध्ये अर्धा तास मोकळा ठेवच कारण फोनवर सांगतात थोडासा गुंता आहे आणि कानामागे हात घातला की केसांचा पार नमदा झालेला असतो. तो आंघोळीआधी सोडव, ओला झाला की अजून घट्ट बसतो. क्लिपरचं (केस कापायच्या मशीनचं) ब्लेड सारखं स्वतःच्या मनगटाला लावून बघ, तापलं तर लगेच बदल, पोटाची कातडी फार नाजूक असते रे. म्हातारा किंवा घाबरट कुत्रा सकाळी पहिला घे, तेव्हा आपणही शांत असतो. रात्री पाण्याची टाकी भरून, ब्लेडला तेल घालूनच झोप.