वेब अ‍ॅपमध्ये युजरला अलर्ट मेसेज कसा दाखवावा? ब्राउझरचा अलर्ट (ओके दाबेपर्यंत पान अडवणारी चौकट) बरा की टोस्ट (कोपऱ्यात येऊन आपोआप जाणारा छोटा मेसेज)? टोस्टसाठी कुठली लायब्ररी घ्यावी?

निम्म्या वेळा दोन्ही नको. उत्तर जरा लांबेल, कारण याच विषयावर मी एका डिझायनरशी बरेच महिने भांडलोय आणि ते भांडण अजून डोक्यातून गेलेलं नाही.

ब्राउझरचा अलर्ट का नको, हे बहुतेकांना माहीत असतं. तो उघडला की पानावरची स्क्रिप्ट जागीच थांबते आणि त्याचं रूप बदलता येत नाही. दोन-चारदा लागोपाठ आला की ब्राउझरच युजरला विचारतो, 'या पानाचे डायलॉग बंद करू का?' त्याने हो म्हटलं की तुमचा कोड अलर्ट बोलावत राहतो, पण स्क्रीनवर काहीच येत नाही आणि एररही मिळत नाही. शिवाय ब्राउझरवाल्यांनाही तो नकोसा झालाय. २०२१ मध्ये क्रोम ९२ ने दुसऱ्या डोमेनच्या आयफ्रेममधले (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानातले) अलर्ट बंद केले. कोडिंग शिकवणाऱ्या कितीतरी साइट्स त्याने अडकल्या, ओरड झाली आणि गूगलला तो बदल पुढे ढकलावा लागला.

आता माझी गोष्ट. गोदामात आलेल्या मालाची नोंद करणारं वेब अ‍ॅप होतं. माणसाच्या एका हातात बारकोड स्कॅनर, दुसऱ्या हातात खोकं. बहुतेक स्कॅनर कॉम्प्युटरच्या दृष्टीने कीबोर्डच असतात: कोडचे आकडे टाइप करतात आणि शेवटी एंटर मारतात. आधीच्या टीमने 'हा माल या ऑर्डरमध्ये नाही' यासाठी साधा अलर्ट टाकला होता. अलर्ट उघडला की फोकस ओके बटणावर. माणूस सवयीने पुढचं खोकं स्कॅन करतो, त्यातला एंटर अलर्ट बंद करून टाकतो. वाचणार कोण? आणि त्या पुढच्या खोक्याचा कोडही वाया, कारण अलर्ट उघडा असताना आकडे रकान्यापर्यंत पोचतच नाहीत.

डिझायनरने उपाय काढला तो टोस्ट. वर उजव्या कोपऱ्यात, तीन सेकंद, अलगद येणार आणि अलगद जाणार. दिसायला देखणा, मान्य. पण माणसाची नजर खोक्यावरचं लेबल शोधत असते, स्क्रीनवर नसते. त्यात स्कॅनर टिट् करतो तो कोड वाचला म्हणून. सर्व्हरने तो स्वीकारला की नाही, हे त्या बिचाऱ्या यंत्राला कुठून कळणार? टिट् ऐकलं की माणसाच्या लेखी नोंद झाली.

मी म्हणत होतो, नाकारलेली ओळ यादीतच लाल राहू दे, का नाकारली तेही त्याच ओळीत लिहा, स्कॅनरपेक्षा वेगळा आवाज द्या. आणि टेबलावर 'बाजूला ठेवलं' असा एक बारकोड चिकटवा. तो स्कॅन केल्याशिवाय पुढचं खोकं घ्यायचंच नाही. यावर उत्तर आलं, 'लाल पट्टी डोळ्यांना खुपते.' अहो, खुपण्यासाठीच आहे ती! पण मीटिंगमध्ये देखणेपण जिंकलं.

पुढे साठा जुळेना. खापर फुटलं ते ऑपरेटरांवर: ट्रेनिंग कमी पडतंय, लक्ष देत नाहीत. सर्व्हरचे लॉग काढून दाखवले, की नाकारलेल्या नोंदी धडधडीत समोर आहेत. त्यावर ऐकलेलं वाक्य मी विसरणार नाही: 'पण मेसेज तर दाखवला होता ना.' शेवटी लाल ओळ आली, 'तात्पुरता उपाय' या नावाने. माझ्या माहितीप्रमाणे तो तात्पुरता उपाय अजून चालू आहे.

म्हणून माझं मत ठाम आहे. काही बिघडलंय हे सांगणारा मेसेज आपोआप जाता कामा नये. रकान्यातली चूक त्या रकान्याखाली लिहा. अख्खं काम अडलं असेल तर पानावरच पट्टी दाखवा आणि चूक दुरुस्त होईपर्यंत ती तिथेच राहू द्या. खरोखर थांबवायचंच असेल तर एचटीएमएलचा डायलॉग एलिमेंट आहे, २०२२ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत चालतो. टोस्ट फक्त अशा गोष्टीसाठी, जी दिसली नाही तरी कुणाचं काही बिघडत नाही. 'सेव्ह झालं' वगैरे. गिटहबच्या प्रायमर या डिझाइन सिस्टिममध्ये तर टोस्ट टाळाच असा सल्ला आहे. डिलीट करताना 'नक्की का?' विचारण्यापेक्षा अनडू द्या, 'नक्की का?'ला सगळे न वाचता हो म्हणतात.

स्क्रीन रीडर (अंधांना स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांचं कुणी विचारत नाही, म्हणून सांगतो. एचटीएमएलमध्ये role या खुणेने मेसेजचा प्रकार सांगता येतो: तातडीच्या मेसेजला अलर्ट रोल, साध्याला स्टेटस रोल. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक नियमांच्या २०१८ च्या २.१ आवृत्तीमध्ये यासाठी वेगळा निकष आहे, ४.१.३. मेसेजचा रिकामा डबा पान उघडताच तिथे असू द्या आणि मजकूर नंतर भरा. डबा आणि मजकूर एकदम टाकलात तर काही स्क्रीन रीडर गप्पच राहतात.

मजकूर इनरएचटीएमएलने भरू नका, टेक्स्टकंटेंटने भरा. 'अमुक फाइल अपलोड झाली नाही' यातलं फाइलचं नाव युजरकडून आलेलं असतं, त्यात काहीही असू शकतं, आणि इनरएचटीएमएल ते कोड समजून चालवू शकतं, टेक्स्टकंटेंट नुसता मजकूर म्हणून दाखवतं. सर्व्हरवर रिडायरेक्ट करून सेशनमधला फ्लॅश मेसेज (पुढच्या पानावर एकदाच दिसणारा मेसेज) दाखवत असाल, तर दोन टॅब उघडून बघा. एका टॅबचा मेसेज दुसऱ्या टॅबमध्ये उगवू शकतो.

हे सगळं वाचून ब्राउझरचा अलर्ट पापच आहे असं समजू नका. ऑफिसातल्या पाच जणांसाठीचं टूल असेल आणि स्कॅनर वगैरे नसेल, तर खुशाल वापरा. तीन सेकंदांत पळणाऱ्या टोस्टपेक्षा तो प्रामाणिक आहे. टोस्टवर बटण असेल तर वेळ जास्त ठेवा. जीमेलसुद्धा पाठवलेली मेल मागे घ्यायला ५ ते ३० सेकंद देतं.

लायब्ररीचं म्हणाल तर कुठलीही घ्या. घेण्याआधी एवढंच बघा, की एररपुरतं आपोआप बंद होणं पूर्ण थांबवता येतं का आणि तोच मेसेज दहादा आला तर ती दहा टोस्ट एकावर एक रचते का. पहिलं जमत नसेल तर दुसरी शोधा.