अंदाजपत्रक आधी वाच

प्रिय,

सप्रेम नमस्कार.

बेलापूरच्या प्रतिष्ठानात नाटक, संगीत आणि नृत्य यांच्या अनुदानाचे काम तुझ्याकडे आले, आणि टेबलावरच्या गठ्ठ्यातून चांगला अर्ज ओळखायचा कसा, असे तू विचारलेस. माझे म्हणणे असे की निवेदन बाजूला ठेव आणि अंदाजपत्रक आधी वाच. निवेदन हल्ली कोणीही कोणाकडूनही लिहून घेतो, आणि वारसा, प्रबोधन, नवी पिढी हे शब्द अर्जामागून अर्जात हजेरी लावतात. अंदाजपत्रकात मात्र अर्जदाराला कशासाठी पैसे मागावेसे वाटले आणि कशासाठी मागायचा संकोच झाला, हे दोन्ही उघडे पडते.

समजा, ठाण्यातल्या एखाद्या प्रायोगिक नाट्यसंस्थेचा अर्ज आहे. नेपथ्य, प्रकाशयोजना, कपडेपट, नाट्यगृहाचे भाडे, टेम्पो, जाहिरात असे सगळे रकाने भरलेले आहेत. तालमीच्या पुढे मात्र शून्य आहे, किंवा 'चहापाणी' एवढेच लिहिले आहे. आता हिशेब कर. आठ नट दीड महिना रोज संध्याकाळी तीन तास तालीम करतात, म्हणजे ४५ संध्याकाळी आणि सगळ्यांचे मिळून १,०८० तास झाले. हे तास डोंबिवलीहून, कळव्याहून, ऐरोलीहून नोकरी आटोपून येणाऱ्या माणसांचे असतात, आणि परतीची लोकल चुकू नये म्हणून शेवटचा प्रवेश अर्धवट सोडावा लागतो. जागा म्हणाल तर शाळेचा वर्ग मिळाला तर तो, नाही तर एखाद्या सोसायटीचे सभागृह, तेही कोणाचे बारसे ठरेपर्यंत. नाटक बसते ते याच तासांत, आणि नेमके तेवढेच कोणी मागत नाही, कारण देणाऱ्याला फक्त उघडलेला पडदा दिसायला हवा असतो, अशी सर्वांची समजूत झाली आहे. ती समजूत आपण देणाऱ्यांनीच करून दिली आहे. तेव्हा अर्जदाराला फोन कर आणि तालमीच्या जागेचे भाडे व नटांचा प्रवासखर्च का लिहिला नाही, असे सरळ विचार. आधी तो चाचरेल, मग खरे आकडे सांगू लागेल. नेपथ्यातली थोडी रक्कम तालमीकडे वळवू का, असे विचारल्यावर नाही म्हणणारा दिग्दर्शक विरळा.

मानधनाचा रकानाही असाच पाहावा. व्यावसायिक रंगभूमीवर प्रत्येकाची नाइट, म्हणजे दर प्रयोगामागचे मानधन, ठरलेली असते. प्रायोगिक संस्थेत पडद्यामागच्या मुलांची बोळवण बहुधा वडापावावर होते. त्यांच्या नावापुढे आकडा आल्याशिवाय अर्ज पुढे पाठवू नकोस.

प्रतिष्ठानाकडे येणारा पैसा कोणत्या वाटेने आला, हे तुला तोंडपाठ असायला हवे, कारण तो कसा देता येईल हे त्यावर ठरते. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी नफ्यातून द्यायचा निधी असेल, तर कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत कला आणि संस्कृतीला जागा आहे. पण उत्पादनाच्या जाहिरातीचा लाभ मिळावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व २०२१ च्या सुधारित नियमांनुसार त्यात धरले जात नाही. कमानीवर कंपनीचे बोधचिन्ह किती फुटांचे असावे, यावर बैठक तासभर रंगली, तर हा नियम शांतपणे वाचून दाखवावा. माझ्या अनुभवात त्याने बैठका लवकर संपतात. त्याच नियमांत चालू प्रकल्पाला सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत मुदत मिळते. ती सवलत न वापरता पुष्कळ जण फेब्रुवारीत जागे होतात आणि मार्चअखेर पैसा खर्ची पडावा म्हणून घाईने महोत्सव उभा करतात. तीन वर्षांचे अनुदान तीन महोत्सवांपेक्षा किती तरी उपयोगी ठरते, हे विश्वस्तांना पटवणे हा तुझ्या कामाचा अर्धा भाग समज. परदेशी देणगीचा पैसा मात्र २०२० च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, म्हणून त्या खात्याकडे या कामासाठी पाहूच नकोस.

आता जे तुझ्या गठ्ठ्यात नाहीतच, त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. सिडकोने ज्या गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसवली, त्या आगरी-कोळी गावांच्या लग्नांत धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, गाणारी धवलारीण असते. कोकणातून ठाण्यात आलेल्या चाकरमान्यांची डबलबारी भजने आणि शक्ती-तुऱ्याचे सामने असतात. यांतल्या बहुतेकांकडे आयकर खात्याची ना १२-ए (संस्थेला करमाफी देणारी) नोंदणी आहे, ना ८०-जी (देणगीदाराला सवलत देणारी). सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेला तर या दोन्हींखेरीज १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे वेगळी नोंदणीही लागते. म्हणजे सगळ्यात जुनी कला ज्यांच्या गळ्यात आहे, ती माणसे कागदावर अपात्र ठरतात. यातून दोन वाटा निघतात: एक तर स्थानिक नोंदणीकृत संस्थेच्या मार्फत पैसा पोहोचवावा, नाही तर प्रतिष्ठानाच्या स्वतःच्या निधीतून व्यक्तीला पाठ्यवृत्ती द्यावी. मला दुसरी वाट बरी वाटते, कारण मधल्या संस्थेला धवले गाणाऱ्या बाईंपेक्षा पावत्यांची काळजी जास्त असते. अर्ज त्या बाईंनी आगरीत तोंडी सांगावा आणि तू तो लिहून घ्यावास. मात्र अनुदान मिळाले म्हणून त्यांना महोत्सवाच्या मंचावर पाच मिनिटांसाठी उभे करू नकोस. धवले लग्नाच्या विधींबरोबर चालतात. हळद नाही, मांडव नाही, आणि समोर खुर्च्यांवर प्रेक्षक, अशा ठिकाणी उरतो तो फक्त आवाज. पैसा द्यायचा तर त्यांच्याबरोबर बसून धवले शिकणाऱ्या दोन मुलींच्या वेळेसाठी दे.

तू या खुर्चीत बसलीस त्या दिवसापासून लोक तुझ्या साध्या विनोदालाही मोठ्याने हसू लागतील, आणि तुझे मत न विचारता मान्य होऊ लागेल. त्यावर पक्का उपाय मला माहीत नाही. एवढे मात्र करता येते की गडकरी रंगायतनमध्ये असो वा वाशीच्या भावे नाट्यगृहात, तिकीट स्वतःच्या पैशाने काढावे, आणि प्रयोगानंतर रंगपटात जाऊन अभिप्राय देण्याचा मोह आवरावा. नकार द्यायचा असेल तर लवकर आणि कारणासह द्यावा. ताटकळत ठेवलेला दिग्दर्शक तारखा धरून बसतो आणि शेवटी दोन्हीकडून जातो.

अनुदान संपवण्याची गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे. वाशीचे नाट्यगृह ज्यांच्या नावाने आहे, त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत नाटक उभे केले ते तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय तुटला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. भावे तरले, पण आश्रय असा एका दिवसात तुटला तर प्रत्येकजण तरेलच असे नाही. तुमच्याकडेही विश्वस्त बदलतात, कंपनीचा नफा घटतो. म्हणून मंजुरीच्या पहिल्याच पत्रात शेवटच्या हप्त्याची तारीख लिही, नूतनीकरण होणार नसेल तर वर्षभर आधी कळव, आणि शेवटच्या वर्षाच्या रकमेतला काही भाग नवा आश्रय शोधण्यासाठी राखून ठेवायला सांग. विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत हे नियमावलीत घालून घेता आले तर पाहा; मसुदा पाठवलास तर मी वाचून देईन.

कळावे,
तुझा ठाण्याचा काका