वाळूतले इल्मेनाइट आणि जड द्रव

प्रश्न : रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील वाळूतून इल्मेनाइट (लोह व टायटॅनियमचे काळे खनिज) वेगळे करण्यासाठी ब्रोमोफॉर्म हा जड द्रव वापरावा का?
– भूशास्त्राची विद्यार्थिनी

उत्तर : वापरता येते, कारण त्याची सापेक्ष घनता सुमारे २.८९ असल्याने २.६५ घनतेचे क्वार्ट्झ (गारगोटीचे खनिज) त्यावर तरंगते आणि सुमारे ४.७ घनतेचे इल्मेनाइट तळाशी बसते. मात्र त्याची वाफ यकृताला घातक असून ते त्वचेतूनही शरीरात शिरते, म्हणून वाफ खेचून घेणाऱ्या कपाटाबाहेर बाटली उघडू नये. आमचा कौल सोडियम पॉलिटंगस्टेट या टंगस्टनयुक्त क्षाराच्या पाण्यातल्या, अशाच जड द्रावणाला आहे. ते महाग खरे, पण त्याची विषारी वाफ होत नाही, आणि खनिजे धुतलेले पाणी आटवून ते पुन्हा वापरता येते. धुण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे. नळाच्या पाण्यातील कॅल्शियममुळे साका बसतो आणि द्रावण वाया जाते.